पत्त्यांचा ब्लॉक

मारुंजी, १० फेब्रुवारी २००९

गोजराआज्जीला शैलेशचा नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि नुसतं "हां हां" म्हणत तू भलतंच काहीतरी समजून बसतेस, म्हणून आई म्हणते, आज्जीला काय ते लिहूनच कळवत जा. तू आईची मावशी, तिला तूच वाढवलंस. तेव्हा तिच्याआधी तुझ्यापाशी बोललो तर तिला राग येणार नाही असं धरतो.

मी ब्लॉग काढलाय. पत्त्यांचा. जागा स्वतःची, भाडं नाही, मालकाची कटकट नाही. 'हुकूम' असं नावही दिलंय. सवड मिळाली की मी तिथंच असतो. हौशी मंडळींना आमंत्रण दिलंय की या, आपापल्या गावचा डाव इथं मांडा. अजून फारसं कुणी फिरकलेलं नाही, एकट्यालाच बसावं लागतं. तूही हातभार लाव. कोळवणात तू आणि चंद्राबाई मेंढीकोट खेळता, त्याची तऱ्हाच निराळी आहे. ती मला लिहून पाठव.

आईबाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. काकांनी पत्त्यांपायी घर धुऊन काढलं तेव्हापासून बाबांसमोर पत्त्यांचं नाव काढता येत नाही, तुला माहीतच आहे.

कंपनीत बरं चाललंय.

शैलेश


कोळवण, २२ फेब्रुवारी

शैलेशला गोजराबाईचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. मंग चंद्राबाईला वाचून दाखवलं. तिला वाचता येत न्हाई, पर डोकं हाय.

आधी तुझी चूक सांगती. ब्लॉकला तू ब्लॉग लिवलंयस. येवढा इंजिनेर झालास आन् क-ग कळंना? मी तिसरीत शाळा सोडली तरी मला कळतंय. आसो. ब्लॉक घेटलास, बरं केलंस. मारुंजीला आता ज्याला बघावं त्यो ब्लॉकच घेतुया. आमच्या हितनं जीप चालवनारा नथू, त्यानं बी भावाच्या नावावर घेटला, आन् भाऊ आता त्याला दार उघडंना.

पर लेकरा, सोताच्या ब्लॉकात पत्ते? आन् हौशी मंडळीला आवतान? हौशी म्हंजे कोन ते मला चांगलं ठावं हाय. खालच्या वाडीला असाच हौशी लोकांचा क्लब निघाला हुता. पोलीस आले तवा हौशी समदे परसातनं पळाले. जागेचा मालक तेवढा सापडला, कारन पळायचं कुटं? जागा त्याचीच. तुझी जागा तुझ्या नावावर, म्हंजे बेड्या बी तुझ्याच नावावर.

चंद्राबाई म्हनली, "गोजरे, एकटंच बसतंय म्हनतंय न्हवं पोरगं? अजून कोन फिरकलं न्हाई. तवर दार लावून घे म्हनावं."

मेंढीकोट कसा खेळत्यात ते मी लिवनार न्हाई. आमी पैसं लावत न्हाई, आमची नावं तुझ्या क्लबात नकोत.

आता मी काय केलं ते ऐक. शारदीला पत्र टाकलं. ब्लॉकचं सांगितलं, पत्त्याचं गिळलं. तुझ्या आईला गोड तेवढं कळू दे, कडू तू निस्तर. पर निस्तर लवकर. हितं माझा जीव थाऱ्यावर न्हाई.

गोजराबाई


मारुंजी, ८ मार्च

आज्जी,

ब्लॉक नाही गं! ब्लॉगच. 'ग' बरोबर होता.

चावडीपुढं फळा असतो ना, ज्यावर कुणीही येता-जाता वाचतं, तसा हा कॉम्प्युटरवरचा फळा. त्याला वीट नाही, सिमेंट नाही. भाडं नाही कारण फुकट मिळतो. मी त्यावर पत्त्यांच्या खेळांविषयी लिहितो, आणि हौशी लोकांना म्हणतो की तुम्हीही लिहा. जुगार नाही. आमंत्रणात मी स्पष्ट लिहिलंय: "पैसे लावून खेळणाऱ्यांनी येऊ नये. शुद्धलेखनाची अट नाही. आपल्या घरात जसं खेळतात तसं लिहून पाठवा." आजवर तीन उत्तरं आली. एकानं विचारलं, लेखाचे किती देणार. दुसऱ्यानं विचारलं, क्लब नक्की कुठं आहे आणि गाडी लावायला जागा आहे का. तिसऱ्यानं नुसतं 'छान' लिहिलंय.

आता तुझ्या पत्रानं काय झालं ते सांगतो. आईचा फोन आला. तिला बोलता येईना, रडतच होती. मग बाबांनी फोन घेतला. बाबा फोनवर माझ्याशी "आईला देतो" याच्यापलीकडे कधी बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "कितव्या मजल्यावर आहे?"

आज्जी, माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसऱ्या."

का म्हणालो ते मलाही सांगता यायचं नाही. बाबा म्हणाले, "बरं केलंस. दुसरा बरा. पाण्याची तक्रार नसते." आणि मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

तू इतक्यात आईला काही कळवू नकोस. मी खरंच एक ब्लॉक बघून ठेवलाय. पाडव्यापर्यंत काहीतरी होईल. मग खोटं राहणारच नाही.

शैलेश


कोळवण, २० मार्च

शैलेश,

दुसऱ्या मजल्यावर! फळ्याला मजले असत्यात व्हय रं?

मी खोटं बोलले ते न समजून. तू बोललास ते समजून. ह्यात फरक हाय, आन् तो तुला ठावं हाय म्हनून तर तुझं अक्षर ह्या बारीला येवढं वाकडं आलंय.

शारदीचं कार्ड आलं. तिनं कारखान्याच्या क्वार्टरच्या ओळीत पेढे वाटले. तुझा बाप, आमचे जनार्दनराव, कारखान्यात साऱ्या जल्मात कुनापुढं दोन शब्द जास्तीचे बोलले न्हाईत. ते म्हनं काट्यावर उसाच्या गाड्या मोजता मोजता गाडीवानास्नी सांगत्यात, "पोरानं पुण्याकडं ब्लॉक घेतला." हे वाचलं आन् मी कार्ड उलटं करून ठिवलं.

मी चंद्राबाईला फळ्याचं समजावून सांगितलं. ती म्हनली, "मंग लोक वाचाय येत्यात, ऱ्हायाला येत न्हाईत?" म्हनलं, व्हय. म्हनली, "मंग जनार्दनराव झोपायचे कुटं?"

ती येडी न्हाई. जनार्दनराव मेअखेर रिटायर होत्यात. क्वार्टर सोडावं लागनार. बार्शीत त्यांनी एक जुनं घर बघून ठिवलंय हे तुला मी सांगायला नको. ते घर त्यांच्या हातात हाय तवर ठीक. ते सुटायच्या आत तू तोंड उघड.

आन् एक इचारती. सवड मिळाली की फळ्यावर असतो म्हनतोस. कंपनीतल्या पोरास्नी सवड कुटली? नथूच्या जीपमधली पोरं बसल्या जागी झोपत्यात, मान नथूच्या खांद्यावर. तुला कुनी दिली सवड?

पाडव्याला गुढी उतरवली की मी शारदीला लिवनार. तुला सांगून लिवती.

गोजराबाई


मारुंजी, १४ एप्रिल

आज्जी,

पाडवा झाला. आईचा आवाज तसाच आहे, म्हणजे तू लिहिलं नाहीस. उपकार झाले.

ब्लॉकवाल्याला भेटलो. तो म्हणतो, थांबा थोडं, भाव उतरतील. सगळेच थांबलेत. कंपनीत सध्या काम जरा कमी आहे, मंदी आहे ना सगळीकडे, म्हणून सवड मिळते. काळजी करण्यासारखं काही नाही.

'हुकूम'ची गंमत सांगतो. मी आमंत्रण पुन्हा लिहिलं. आधी फार सरकारी वाटत होतं. आता असं केलंय: "तुमच्या घरी झब्बू लागल्यावर काय करतात? गुलामचोर ठरलेल्याला काय म्हणतात? दश्शीला मेंढी का म्हणतात हे कुणी सांगेल का?" अजून कुणी सांगितलेलं नाही. रोज सकाळी उठल्या उठल्या बघतो. रिकामा फळा बघायला फार वाईट वाटतं, आज्जी. तुला हसू येईल, पण दिवसभरात तेवढी एकच गोष्ट असते की कुणीतरी काहीतरी लिहिलं असेल.

तू लिहिलंस तर फळा भरेल. चार ओळी. तुझ्या बोलीतच लिही.

शैलेश


कोळवण, २४ एप्रिल

शैलेश,

लेख जाऊ दे चुलीत. शारदीचं पत्र आलंय. तिनं लिवलंय तसं उतरून देती.

"मावशी, ह्यांनी बार्शीचं घर सोडून दिलं. मालकाला सांगितलं, मुलानं ब्लॉक घेतलाय, आता दोन घरं काय करायची. मालकानं दुसऱ्याला दिलंसुद्धा. ३१ मेला टेम्पो ठरवलाय. क्वार्टरची किल्ली दिली की थेट शैलेशच्या ब्लॉकवर उतरतो. तूही चार दिवस ये, दुसऱ्या मजल्यावर वारा छान असेल."

वाचलंस? घर गेलं. कालपासनं माझ्या घशाखाली घास उतरंना. उठून पाठीमागच्या दारात जाती, पुना आत येती. चंद्राबाई आनखी दोघींस्नी घेऊन पत्ते खेळाय आली, मी हुकूम काय झाकला तेच इसरले. ती म्हनली, "ठिव पत्ते. तोंड बघ तुझं, भुतानं धरल्यावानी."

पाडव्याला मी का लिवलं न्हाई ते इचारू नको. कागद घेऊन बसले हुते. पेढ्याचं कार्ड समोर दिसलं आन् हात चालंना. मला वाटलं, पोरगं म्हनतंय तर घेईल बी ब्लॉक. मी बाई म्हातारी, पर आशा काय फक्त तरन्यानीच करायची असती व्हय?

सोमवारी आखिती हाय. त्या दिवशी बाई मानसानं घर सोडू नये. मी सोडनार. नथूच्या जीपनं पौडापातुर येती, तितनं यष्टी. कंपनीतनं घरी कवा येतोस ते मला ठावं न्हाई, म्हनून मी दुपारीच येऊन तुझ्या खोलीच्या मालकिणीकडं बसती.

गोजराबाई


कोळवण, ४ मे

शैलेश,

घरी नीट पोचले. गुडघा सुजलाय, पर तो आधी बी सुजायचा.

तुझ्या खोलीत जे बोलायचं ते जमलं न्हाई. तू रडलास आन् मला रडनाऱ्यापुढं बोलता येत न्हाई. म्हनून आता लिवती, बसून ऐक.

मालकीण म्हनली, "झोपला असंल, रात्रपाळी हाय त्याला." मी दार वाजवलं तर तू बनियनवर, मांडीवर ती फळ्याची पेटी, आन् स्टोवर खिचडी लागलेली. कंपनीच्या येळंला! मला बघून तुझं पयलं वाक्य काय हुतं? "आज्जी, सुट्टी आहे." पुना खोटं. मी म्हनलं, "कुनाची सुट्टी? तुझी का नोकरीची?" तवा कुटं बोललास.

जानेवारीपासनं नोकरी न्हाई. गळ्यातली पाटी काढून घेटली आन् दारापातुर सोडायला मानूस दिला. गुन्हा काय तुझा? काय न्हाई. चांगल्या चालत्या बैलाला बी बाजार पडला की इकत्यात. ह्यात तुला लाज कशाची वाटली ते मला अजून कळंना. लाज वाटायची तर ती दुसऱ्या मजल्याची वाटू दे.

तुझा फळा दाखवलास. बघितला. इस्पिकचा एक्का काढलायस त्याचं देठ वाकडं हाय, ते नीट कर. बाकी स्वच्छ हाय. लोकास्नी हाक मारलीयस ती बी चांगली हाय. कुनाचं चुकलं तर हसनार न्हाई असं लिवलंयस. मला बरं वाटलं. पर बाबा, जो दुसऱ्यास्नी सांगतो, तुमच्या घरातलं जसं हाय तसं लिवा, त्यानं आपल्या घरात काय चालवलंय?

तवा आता येव्हार. तुला लेख पायजे, मला तुझ्या बापाला गेलेलं पत्र पायजे. निम्मा लेख आत्ता धाडती. निम्मा, तू बापाला समदं खरं कळवल्यावर. तोवर एक अक्षर न्हाई. ह्यो घे.

*मेंढीकोट. लिवनार गोजराबाई, कोळवण.*

*चार बाया बसायच्या. समोरची आपली भिडू, शेजारची वैरीण. घरात सासू-सून आसल्या तरी हितं भिडू होऊ शकत्यात. दश्शीला मेंढी म्हनायचं. का म्हनायचं ते मला ठावं न्हाई, जो ठावं हाय म्हनंल तो फेकतुया. चार रंगाच्या चार मेंढ्या. ज्या जोडीकडं जास्त मेंढ्या ती जिंकली. चारी गेल्या तर कोट चढला.*

*पयल्या पाच पानांवर हुकूम झाकायचा. झाकलेला पत्ता मांडीखाली दाबायचा. झाकनारीनं तोंड कोरं ठिवायचं. आमच्या चंद्राबाईला ते जमत न्हाई. बदाम झाकला की ती खोकती, किलवर झाकला की पानी मागती. चौकट आन् इस्पिकचं मी अजून शोधतीय.*

*खेळता खेळता एखादीकडं मागितलेला रंग नसला की ती म्हनती, "हुकूम काढा." मंग झाकनारीला न्हाई म्हनता येत न्हाई. आता कोट चढल्यावर हरलेल्या बायांच्या पदराला आमच्या हितं गाठ मारत्यात. त्या गाठीची गोम हाय तीच आमच्या गावची तऱ्हा. ती फुडं.*

फुडं कवा, ते तुला ठावं हाय.

गोजराबाई


मारुंजी, १२ मे

आज्जी,

तुझा निम्मा लेख फळ्यावर लावला आणि काय झालं म्हणून सांगू! जळगावहून, सांगलीहून, एक तर दुबईहून: "पुढे काय? गाठ का मारतात? या आजींना कळवा, आम्ही थांबलोय." एकानं लिहिलंय, त्याची आई इस्पिक झाकला की बांगड्या मागे सारायची. आणि ऐक, तुझं वाचून लेख यायला लागले. कुणी लाडीस लिहिलं, कुणी पाच-तीन-दोन. एका बाईंनी गुलामचोरवर लिहिलंय, आजोबा गुलाम आला की मुद्दाम झोपेचं सोंग घ्यायचे. हौशी माणसं होतीच आज्जी, त्यांना कुणीतरी आधी बसलेलं दिसायला हवं होतं.

पण बाबांना पत्र होत नाही. "ती. बाबांस" लिहितो आणि पुढे नुसती रेघ. परवा आईचा फोन आला. पडदे शिवतेय म्हणाली, खिडक्या किती आहेत? मी म्हटलं, दोन. खोलीला एकच आहे, तू पाहिलीस. मी थांबवू शकत नाही स्वतःला. ती विचारते आणि मी ब्लॉक बांधत जातो. आता त्याला गॅलरीही आहे.

टेम्पोचा आवाज आला की खिडकीशी जातो. अजून तारीख यायची आहे हे कळतं, तरी खाली डोकावून बघतो.

एक विनंती करतो. तूच लिहिशील का त्यांना? तू लिहिलंस तर बाबा तुझ्या वयाकडे बघून गप्प राहतील.

शैलेश


कोळवण, १८ मे

शैलेश,

न्हाई.

मी लिवलं तर जनार्दनरावांस्नी मावससासूकडनं कळंल की पोरगं खोटं बोललं. तू सांगितलंस तर पोराकडनं कळंल. घर दोन्हीकडनं गेलेलंच हाय. पर एकात पोरगं बी जातंय.

तो मानूस सारा जल्म वजनकाट्यावर बसलाय. गाडीत दगड घालून आनलेला ऊस त्याला चाकाच्या आवाजावरनं कळायचा म्हनं. त्याला काय तुझ्या गॅलरीचं कळलं नसंल? कळलं असंल. पर पोराचं वजन करायला बाप काट्यावर बसत न्हाई, म्हनून गप हाय.

आता पत्रानं बी भागत न्हाई. पोष्टाचा काय भरवसा, टेम्पो आधी आला तर? बार्शीच्या यष्टीत बस. त्यांच्यासमोर हुबा ऱ्हा आन् बोल. आईला बाजूला घेऊन आधी सांगायचं न्हाई. दोघास्नी संगट.

चंद्राबाईला तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हनली, "त्याला सांग, बाप मारल तर मारल. मानूस हाय, बिबट्या न्हाई."

मला आता रातीचं बी आन् दिवसाचं बी तेच दिसतंय. शारदी टेम्पोतनं उतरलीय, हातात तुळशीचं डबडं, आन् वर दुसऱ्या मजल्याकडं बघतीय. ते माझ्या डोळ्यांपुढनं काढ.

जा.

गोजराबाई


बार्शी, २७ मे

आज्जी,

सांगितलं.

काल दुपारी पोचलो. क्वार्टरच्या दारात सगळं सामान बांधून ठेवलेलं. बाबा लोखंडी कपाटाला सुतळी गुंडाळत होते. मला बघून म्हणाले, "तू कशाला आलास? किल्ली पाठवली असती तरी चाललं असतं." मी तिथंच, उभ्याउभ्या सगळं बोललो. ब्लॉक नाही. नोकरी नाही. एक खोली आहे भाड्याची. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

आई बांधलेल्या सामानावरच बसली. बाबांनी सुतळीची गाठ पूर्ण मारली. मग म्हणाले, "मग तो ब्लॉक मावशीबाईंनी कुठून काढला?"

मला ब्लॉगचं सांगावं लागलं.

"पत्ते?"

"हो."

आई म्हणाली, "अहो, नोकरी गेलीय ती ऐका ना आधी!"

"ते ऐकलं मी. पैसे लावून?"

"नाही बाबा. लिहितात फक्त."

"पत्त्यांवर लिहितात?" असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं. मग चप्पल घालून बाहेर गेले. आई म्हणाली, घराच्या मालकाकडे गेले असतील. तिकडेच गेले होते. ते घर खरंच दिलं गेलंय, नव्या माणसांनी चुना लावायला घेतलाय. परत आले तेव्हा त्यांचा सदरा घामानं भिजला होता. पाणी प्यायले आणि भिंतीकडे बघत विचारलं, "खोलीचं माप काय?"

मी सांगितलं, दहा बाय बारा.

"दार आत उघडतं की बाहेर?"

"आत."

टेप आणला आणि कपाट मोजायला लागले. उंची, रुंदी, खोली. दोनदा मोजलं. रात्री जेवताना माझ्या ताटात आमटी त्यांनीच वाढली, पण बोलले नाहीत. आज सकाळी टेम्पोवाल्याला मारुंजीचा पत्ता लिहून दिला. टेम्पो ठरल्या दिवशीच निघणार.

आज्जी, तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. ते रागावून माप विचारत होते की कसं, मला खरंच कळलं नाही. मी उद्या मारुंजीला जाऊन खोली आवरतो. तिथंच लिही.

शैलेश


कोळवण, ३० मे

शैलेश,

तुझं पत्र आत्ता आलं. हे नथूच्या हाती देतीय, तो मारुंजीला चाललाय. भावानं दार उघडलं शेवटी.

घास उतरला आज. बाजरीची भाकरी आन् ठेचा, दोघींनी खाल्ला.

तू आपलं पाळलंस, मी माझं पाळती. तुझ्या फळ्यावरची मानसं खोळंबलीत, त्यास्नी दे.

*कोट चढला की हरलेल्या दोघींच्या पदराला गाठ मारायची. ती गाठ घेऊनच घरी जायचं. कोट फेडला की सोडायची, तवर न्हाई. झाकायची न्हाई, पदर उलटा घ्यायचा न्हाई. सासूनं इचारलं, नवऱ्यानं इचारलं, पान्यावर बायांनी इचारलं, तर हरले म्हनून सांगायचं आन् घागर भरायची. मी एका भाचीच्या लग्नात गाठीसकट वरमाईपुढं हुबी हुते. तिनं इचारलं, "काय नवस हाय का?" म्हनलं, न्हाई, बदामची बी मेंढी गेली.*

संपला लेख. यात शहाणपण हुडकायला जाऊ नको म्हनावं, नुसता खेळ हाय.

आता जनार्दनरावांचं. ते रागावलेत. राग आजून लई दिवस ऱ्हाईल, बारा म्हैने बी ऱ्हाईल, तुला दुसरी नोकरी लागली तरी ऱ्हाईल. जुनं घर गेलंय, ते काय गोड बोलून परत येनार न्हाई. दहा बाय बारात तिघं म्हंजे हाल हायेत, शारदी कुरकुरनार, मालकीण पान्यावरनं भांडनार. मला त्याची काळजी हाय आन् ती मी कमी करून सांगनार न्हाई. पर जो मानूस येनार नसतो तो कपाट मोजत न्हाई.

आन् ते कपाट मावत न्हाई. दार आत उघडतंय, तितंच तुझा स्टोचा वटा हाय. मी बसून बघितलंय समदं. तुझ्या बापाला बी टेपावर कळलं असंल. तरी तो आनतुया. तू फोन करून "आनू नका" म्हनशील, तर खबरदार. येऊ दे. दारात अडकंल. टेम्पोवाला म्हनंल, माझं काम झालं, आन् निघून जाईल. मंग एका बाजूनं तो आन् एका बाजूनं तू, ढकलाय तर लागनार. तवा काय तरी बोलावंच लागतंय मानसाला. "उचल", "थांब", "जरा डावीकडं".

तेवढ्यानं सुरू कर. आन् बोटं संभाळ.

गोजराबाई